ईश्वराच्या हाती सोपवलेली मुलगी : पंडिता रमाबाईंची जीवनकथा

सन १८७४. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला होता. तिरुपतीजवळच्या जंगलात एक वृद्ध, दृष्टी गमावलेले शास्त्री अखेरच्या घटका मोजत होते. आयुष्यभर शास्त्राने सांगितलेली व्रते, दानधर्म आणि तीर्थयात्रा त्यांनी निष्ठेने केल्या होत्या. आता घरातले धन, भांडी, दागिने सारे संपले होते आणि कुटुंबाला कित्येक दिवस अन्न मिळाले नव्हते. भिक्षा मागणे अंगी नव्हते आणि मोलमजुरी करणे ब्राह्मण्याला शोभणारे वाटत नव्हते. जलसमाधी घेण्याचा निर्णयही एकदा झाला होता. तो मुलाने थोपवला. आपण जातीचा अभिमान सोडून काम करू, असे त्याने ठरवले. पण तोवर पित्याची शक्ती सरली होती.

शेवटच्या वेळी त्यांनी सोळा वर्षांच्या धाकट्या मुलीला जवळ घेतले. आपण तिला ईश्वराच्या हाती सोपवले आहे, ती त्याची आहे, आणि तिने जन्मभर केवळ त्याचीच सेवा करावी, अशा आशयाचा उपदेश त्यांनी तिला केला. अनंतशास्त्री डोंगरे हे वैष्णव होते आणि त्यांच्या मनातील ईश्वराचे रूप निश्चित होते. ती मुलगी, रमा, पुढे ज्या वाटेने गेली तिची कल्पनाही त्यांना करता आली नसती. तरीही तेहेतीस वर्षांनी, १९०७ मध्ये आपली आध्यात्मिक वाटचाल लिहिताना पंडिता रमाबाईंनी पित्याच्या या निरोपाची नोंद आवर्जून केली. आपण जे केले ते त्या आज्ञेचे पालनच होते, अशी त्यांची धारणा होती. त्यांचे सारे आयुष्य या एका आज्ञेचा अर्थ शोधण्यात गेले.

वेताच्या पेटीतले बालपण

अनंतशास्त्री हे विद्वान आणि सनातनी असले तरी एका बाबतीत त्यांनी रूढीशी उभा दावा मांडला होता. आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी संस्कृत शिकवले. त्यावरून उठलेल्या वादळात त्यांना उडुपी येथे पंडितांसमोर स्वतःच्या कृतीचे शास्त्राधारे समर्थन करावे लागले. नंतर त्यांनी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात आश्रम थाटला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमेचा जन्म झाला. ती सहा महिन्यांची असताना कुटुंब आश्रम सोडून तीर्थाटनाला निघाले आणि वेताच्या एका मोठ्या पेटीत घालून, डोक्यावर वाहून तिला डोंगराखाली आणण्यात आले. त्यानंतर या कुटुंबाला स्थिर घर असे राहिले नाही. एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्री जायचे, देवळात किंवा नदीकाठी बसून पुराण सांगायचे आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करायचा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. आईने मुलीला संस्कृत शिकवले. ऐन तारुण्यात प्रवेश करताना रमेला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते.

पित्यानंतर दीड महिन्याच्या आतच लक्ष्मीबाईही गेल्या. तिरडीला खांदा देण्यासाठी माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण पुढे आले. चौथी जागा रमेने घेतली आणि तिची उंची कमी असल्याने तिने आईच्या देहाचा भार डोक्यावर घेतला. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही दगावली. उरले ते श्रीनिवास आणि रमा, दोघे भाऊबहीण.

त्यांनी उत्तरेकडे पायी हजारो मैल प्रवास केला. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नसल्यामुळे त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. शास्त्राने सांगितलेले नियम दोघे अजूनही पाळत होते. मात्र त्यांच्या मनात प्रश्न साचत होते. एका क्षेत्री तळ्यातले डोंगर पुण्यवंतांच्या दर्शनाला तरंगत येतात, असे यात्रेकरूंना सांगितले जाई. सुसरींची भीती घातलेली असूनही श्रीनिवास पहाटे पाण्यात उतरला. ते डोंगर म्हणजे माती आणि झाडे रचलेले तराफे होते आणि मागून पुजारी ते ढकलत होते. आईवडिलांनी ज्या श्रद्धेसाठी देह झिजवला तिच्या नावाने हा व्यवहार चालावा, याचा घाव खोल होता.

कलकत्त्याचा मान, सिल्चरचे घर

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची अविवाहित ब्राह्मण तरुणी अस्खलित संस्कृतात बोलते, याचे बंगाली विद्वानांना अपार कौतुक वाटले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन तिचा गौरव केला. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी तिला वेदाची प्रत भेट दिली. स्त्रियांनी वेद वाचू नयेत, अशी समजूत बाळगून वाढलेल्या रमाबाईंच्या दृष्टीने ही साधी भेट नव्हती. धर्मशास्त्रांचा अभ्यास करताना त्यांना एक गोष्ट अधिकाधिक खटकू लागली. ग्रंथाग्रंथांत कितीही मतभेद असले, तरी स्त्रियांना आणि शूद्रांना मोक्षाच्या वाटेवर दूर उभे करण्याबाबत त्यांचे एकमत होते, असे त्यांना आढळले.

१८८० मध्ये ढाक्याला श्रीनिवासचा मृत्यू झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, त्यांचा प्रांत वेगळा होता आणि भाषाही वेगळी होती. या विवाहाने दोन्ही बाजूंचे लोक दुरावले. आसामातील सिल्चर येथे त्यांनी संसार मांडला. तिथेच घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन बायबलमधील गोष्टी समजावून सांगू लागले. मिशनशाळेत शिकलेल्या मेधावींना पत्नीचा हा ओढा रुचला नाही. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमेचा जन्म झाला. बालविधवांसाठी शाळा काढावी, असा बेत दोघे आखत होते. पण ४ फेब्रुवारी १८८२ रोजी मेधावी पटकीने गेले. विवाहाला दोन वर्षेही लोटली नव्हती. आणि रमाबाई तेविसाव्या वर्षी, तान्ह्या मुलीसह, ज्यांच्यासाठी शाळा काढायची त्याच स्त्रियांच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

पुण्याहून वाँटेजला

१८८२ मध्येच त्या पुण्यात आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि सुधारक मंडळींनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगासमोर साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची निकड मांडली. स्वतः वैद्यक शिकावे, या इच्छेने त्यांनी इंग्लंडला जायचे ठरवले. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाला हातभार लागला. १८८३ मध्ये चिमुकल्या मनोरमेला आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीला घेऊन त्या निघाल्या. धर्मांतराचा विचार आपल्या मनात नाही, असे त्यांनी निघण्यापूर्वी सांगितले होते.

वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांची राहण्याची सोय केली. भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचे, असा त्या बदल्यातला करार होता. त्या काळात घडलेला एक प्रसंग त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथे नेले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय दिला जाई आणि त्यांनी नव्याने उभे राहावे म्हणून भगिनी त्यांची सेवा करीत. अशा स्त्रियांविषयी कठोर दंडच ऐकत आलेल्या रमाबाईंना हे नवे होते. भगिनी हे का करतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर आलेल्या, गावाने नाकारलेल्या त्या स्त्रीशी ख्रिस्त आदराने बोलतो आणि उपासनेचा गाभाच तिच्यापुढे उलगडतो. हिंदुस्थानातल्या स्त्रीला उभे करणारा कोणी असेल तर तो हाच, असे रमाबाईंना वाटले. मूळचे चित्पावन पंडित आणि नंतर ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनानेही त्यांच्या शंकांना उत्तरे दिली.

त्याच सुमारास आनंदीबाई भगत यांचा वाँटेजमध्ये अत्यंत दुर्दैवी अंत झाला. रमाबाई त्या धक्क्याने पार खचल्या होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. बातमी पुण्यात पोहोचताच कौतुकाचे रूपांतर संतापात झाले. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांना तो विश्वासघात वाटला. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये सत्सार या पुस्तिकेतून त्यांची बाजू उचलून धरली.

आज्ञा कोणाची?

बाप्तिस्म्यानंतर रमाबाई आज्ञाधारक शिष्या होतील, अशी चर्चच्या मंडळींची अपेक्षा होती. त्यांच्या आध्यात्मिक माता मानल्या गेलेल्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात ही अपेक्षा आणि तिचा झालेला भंग दोन्ही स्पष्ट दिसतात. रमाबाईंनी मांसाहार स्वीकारला नाही. अंडे घातलेले गोड पदार्थही त्या खात नसत. हा जातीचा अभिमान आहे, असे जेराल्डिनबाईंना वाटे. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपल्या लोकांना संस्कृत अधिक जवळची नाही काय, असा रमाबाईंचा प्रश्न होता. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून अँग्लिकन पंथाच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्ट त्या शास्त्रीबुवांच्या मुलीप्रमाणे तपासून पाहत. मूळ ग्रंथात काय आहे, हा त्यांचा निकष होता.

चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इंग्रजी, गणित व शास्त्रे शिकत. तेथील प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांना उदार मनाने जपले. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावे, अशी सूचना आली तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. तसे केल्यास हिंदुस्थानात त्यांच्या नावाला बाध येईल, असे त्यांचे म्हणणे होते. रमाबाईंना हा हस्तक्षेप अपमानकारक वाटला. भर सभांत पुरुषांना पुराणे सांगितलेल्या स्त्रीला आता कोणासमोर बोलावे हे परक्यांनी ठरवायचे होते!

या वादांकडे स्वाभिमानी स्वभावाची चुणूक म्हणून पाहता येईल. परंतु त्यामागे श्रद्धेविषयीची एक ठाम भूमिका होती. ईश्वराची आज्ञा पाळणे आणि ईश्वराच्या नावाने बोलणाऱ्या माणसांची आज्ञा पाळणे, यांत त्या भेद करीत. तळ्यातले तरंगते डोंगर त्या विसरल्या नव्हत्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी आपण बाप्तिस्मा घेतलेला नाही, ही त्यांची धारणा अखेरपर्यंत टिकली. अमुक एका पंथाची म्हणून त्यांनी स्वतःची ओळख कधी होऊ दिली नाही.

वैद्यकशिक्षणाचा बेत मात्र सोडावा लागला. वाढत्या बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला होता.

अमेरिका आणि शारदा सदन

१८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात डॉ. आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ होता. नात्यातल्या या तरुणीचे यश पाहण्यासाठी रमाबाई अटलांटिक ओलांडून गेल्या आणि थोड्या मुक्कामाचा बेत असताना अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. त्यांनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, शाळा पाहिल्या, गावोगावी व्याख्याने दिली. १८८७ मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच्या हजारो प्रती खपल्या. त्याच वर्षअखेर बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांसाठी काढायच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे तिने मान्य केले. शाळेत धर्मप्रसार होणार नाही, ही त्यातली अट होती. परत आल्यावर, १८८९ मध्ये, युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त हे त्यांचे मराठी पुस्तक आले. परदेशी राहिलेल्या मराठी माणसाने तेथील समाजाकडे कौतुकाने आणि तरी उघड्या डोळ्यांनी कसे पाहावे, याचा तो आजही वाचनीय नमुना आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. पुढे ती धोंडो केशव कर्वे यांची पत्नी आनंदीबाई झाली. १८९० मध्ये सदन पुण्यात हलले. मुली आपापले आचार पाळत, स्वयंपाक ब्राह्मणी पद्धतीने होई आणि सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखे मान्यवर होते.

याच काळात रमाबाईंच्या श्रद्धेत पुन्हा बदल झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांना १८९१ च्या सुमारास जाणवू लागले. बुद्धीने पटलेली तत्त्वे एकीकडे आणि मनाची अस्वस्थता दुसरीकडे, अशी ती अवस्था होती. वाचन आणि प्रार्थना यांतून त्या एका निष्कर्षाला आल्या: तारण हे कमवायचे नसून स्वीकारायचे असते. व्रते आणि यात्रा यांनी पुण्य साठवता साठवता उपाशी मेलेल्या आईवडिलांच्या मुलीला हा विचार किती मोठा विसावा देणारा ठरला असेल, याची कल्पना करता येते.

त्या आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही आणि हाकललेही नाही. स्वतःच्या घरात उघडपणे उपासना करण्याचा हक्क सोडायला त्या तयार नव्हत्या. पुण्यात मात्र यावरून मोठे वादळ उठले. केसरीने कठोर टीका केली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. बोस्टनच्या असोसिएशनने चौकशीनंतर रमाबाईंवरचा विश्वास कायम ठेवला.

या प्रकरणात टीकाकारांची बाजूही समजून घेण्याजोगी आहे. सदन धर्मनिरपेक्ष राहील या भरवशावर आईबापांनी मुली पाठवल्या होत्या. ज्या बाईंनी आश्रय दिला, आईची माया लावली, त्यांच्या प्रार्थनेची ओढ परावलंबी मुलींना वाटणे स्वाभाविक होते. अशा वेळी मोकळी निवड कुठे सुरू होते आणि कृतज्ञता कुठे संपते, हे ठरवणे कठीण असते. पुढील काळात सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आपली भीती खरी ठरली, असे विरोधकांना वाटले. रमाबाईंपुढे दोनच वाटा होत्या. श्रद्धा खोलीत कोंडून लोकमान्यता राखायची, किंवा दार उघडे ठेवून ती गमवायची. त्यांनी दार उघडे ठेवले. त्याची किंमत त्यांनी जन्मभर मोजली. ज्या मराठी समाजासाठी त्या राबल्या त्याच्या मुख्य प्रवाहापासून त्या कायमच्या दुरावल्या.

दुष्काळ आणि मुक्ती

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपासमारीची वर्णने वाचून रमाबाईंना आपली सोळा वर्षांची ओळख पटली असली पाहिजे. त्या स्वतः तिकडे गेल्या. अन्नाच्या आशेने भटकणाऱ्या, माणसांच्या बाजाराला बळी पडू शकणाऱ्या मुली आणि स्त्रिया त्यांनी पाहिल्या. पैशाची सोय नसताना त्यांनी सुमारे तीनशे जणींना आपल्यासोबत आणले. तेव्हाच पुण्यात प्लेग पसरला होता आणि शहरात इतक्यांना ठेवणे शक्य नव्हते. प्लेगच्या रुग्णालयातील आणि छावण्यांतील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी वृत्तपत्रातून सरकारवर जाहीर टीका केली. सरकारने आरोप नाकारले. पण ख्रिस्ती झालेली ही बाई इंग्रज राज्यकर्त्यांच्या मर्जीत राहण्यासाठी गप्प बसत नाही, हे सर्वांना दिसले.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. अमेरिकेतील मदतीची दहा वर्षांची मुदत १८९८ ला संपणार होती. फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा हेतू होता. त्या माळावर आता दुष्काळपीडितांसाठी वस्ती उभी राहिली. विहिरी खणल्या गेल्या, झोपड्यांच्या जागी इमारती आल्या. वस्तीला मुक्ती हे नाव मिळाले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यात ब्राह्मण विधवांची विद्यालये उरली नव्हती. सगळ्या जातींच्या, बहुतेक निरक्षर, आजारी, काही अंध, काही फसवल्या गेलेल्या स्त्रिया होत्या. अंधांसाठी मनोरमेने ब्रेल लिपी आणली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. फुलममध्ये पाहिलेले काम रमाबाईंनी पुण्याजवळच्या माळावर आणले होते.

प्रत्येकीने काही ना काही काम शिकावे, हा मुक्तीचा नियम होता. शेती, गाईगुरे, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, शिक्षकी, शुश्रूषा, छपाई अशी कामे स्त्रियाच करीत. मुक्तीच्या खर्चाची हमी कोणी घेतली नव्हती. देणग्या येत, पण कधी येतील हे ठरलेले नसे. रमाबाई रोजची गरज प्रार्थनेत मांडत आणि जे मिळेल त्याचा काटेकोर हिशेब ठेवत. १९०५ मध्ये येथे मोठी आध्यात्मिक जागृती झाली. मुली तासन् तास प्रार्थना करू लागल्या, भावनांचा पूर आला. काही मिशनऱ्यांनी त्याबद्दल नापसंती दाखवली. रमाबाईंचे म्हणणे असे होते की, भारतीय स्त्रीने देवाजवळ कसे रडावे आणि कसे आनंदावे, हे पाश्चात्त्य शिस्तीने ठरवू नये.

दुष्काळात वाचवलेल्या मुली ख्रिस्ती वातावरणात वाढल्या आणि बहुतेक त्याच धर्माच्या झाल्या. त्यावरील आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. त्यांना तेथे नेले नसते तर त्यांपैकी कितीजणी जगल्या असत्या, हा प्रश्नही त्याच्या शेजारीच ठेवावा लागतो. रमाबाईंचे चरित्र प्रामाणिकपणे वाचायचे तर दोन्ही प्रश्न सोबत बाळगावे लागतात.

शेवटचे काम

आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी अनुवादाला दिली. उपलब्ध अनुवाद त्यांना संस्कृतप्रचुर वाटे; मुक्तीतल्या नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या बायकांना तो कळत नसे. संस्कृत पंडितेने संस्कृत शब्द बाजूला सारून साधी, बोलीच्या जवळची मराठी निवडली, हे विशेष. मूळ ग्रंथात काय आहे, हा जुना निकष त्यांनी स्वतःलाही लावला आणि त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. खिळे जुळवण्यापासून छपाई-बांधणीपर्यंतचे काम मुक्तीच्या स्त्रियांनी केले. ज्यांना पुस्तकाला हात लावण्याची संधी मिळाली नव्हती, त्या धर्मग्रंथ छापू लागल्या.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. दोन वर्षांनी, जुलै १९२१ मध्ये, मनोरमा गेली. चाळिशीतल्या या मुलीने आईचे सारे काम अंगावर घेतले होते आणि तीच पुढे मुक्ती सांभाळील, असे सर्वांनी गृहीत धरले होते. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी, अशी सर्व माणसे रमाबाईंनी गमावली. श्रवणशक्ती जवळजवळ गेली होती, प्रकृती ढासळत होती. तरीही मुद्रितांचे वाचन थांबले नाही. शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावर, ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

इंग्लंडच्या चर्चच्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणासाठी नेमलेला आहे. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करते. महाराष्ट्राने त्यांना बराच काळ अर्धवटच आठवले. सुधारकांना त्यांचे शिक्षणकार्य हवे होते, पण त्यामागची श्रद्धा अडचणीची वाटे. चर्चला त्यांची श्रद्धा हवी होती, पण त्यांचे प्रश्न अडचणीचे वाटत. रमाबाईंच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. देवाचा मान राखणे म्हणजे ज्यांना कोणी मान देत नाही त्यांचा मान राखणे, असे त्यांनी त्या शोमरोनी स्त्रीच्या कथेत वाचले होते, आणि उरलेले आयुष्य त्यांनी तसे वागण्यात घालवले.

तिरुपतीजवळच्या जंगलात पित्याने मुलीला ईश्वराच्या हाती दिले तेव्हा त्याच्याजवळ दुसरे देण्यासारखे काहीच नव्हते. त्या मुलीने केडगावच्या माळावर हजारो मुलींना अन्न, अक्षर आणि हाताला काम दिले, आणि त्यांना निरोप देताना तीही त्यांना त्याच हाती सोपवून गेली.